जमिनीचा सध्याचा वापर

‘या वास्तूत शांतता नांदते,’ असं पवनकुंजच्या दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरलेलं आहे. पाटी बसवणाऱ्या विश्वस्तांनी बहिऱ्या मुलांची शाळा बहुधा बाहेरूनच, आणि तीही रविवारी पाहिली असावी. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी जाणाऱ्या त्या रस्त्यावर पवनकुंजइतकं गोंगाटाचं घर दुसरं नव्हतं. स्वतःचा आवाज ज्याला ऐकू येत नाही, त्याला तो आवरायचं काही कारण नसतं. बाकं सरकायची ती ट्रकमधून गर्डर उतरवल्यासारखी. डब्यांची झाकणं, दारं, हसणं, सगळं पूर्ण ताकदीनिशी. शेजारच्या बावीस मजली टॉवरच्या सोसायटीने दोन वर्षांपूर्वी पोलिसांत तक्रार दिली होती. ती लिहून घेताना हवालदाराने तीनदा विचारलं होतं, “नक्की कुणाची शाळा म्हणालात?”

बंगला काही शाळेसाठी बांधलेला नव्हता. कापसाचे व्यापारी शेठ नरोत्तमदास यांनी, मुलुंडला चिटपाखरू फिरकत नव्हतं त्या काळात, हवापालटासाठी तो बांधला. दिवाणखान्यात त्यांनी बर्मी सागाची जमीन घातली. खाली दोन हात पोकळी, पोकळीवर तुळया, तुळयांवर फळ्या. कारण असं की कुणी एक गोरा साहेब जेवायला येणार होता, आणि साहेबलोकांना जेवणानंतर नाचायला लाकडी जमीन लागते, असं शेठजींना कोणीतरी सांगितलं होतं. साहेब आला नाही. शेठजींना इथली हवा मानवली नाही. त्या जमिनीवर पुढची साठ वर्षं कोणीही नाचलं नाही. मग वारसांनी बंगला ट्रस्टला देऊन टाकला आणि बहिरी मुलं आली.

आणि त्या जमिनीचा उपयोग शेठजी सोडून सगळ्यांना कळला. ती शाळेची घंटा झाली. म्हणजे पितळेची घंटाही होती, पण ती पंधरा ऑगस्टला पाहुण्यांसाठी वाजवत. मुलांसाठी जमीन. बाईंनी उजवी टाच आपटली की ठोका फळ्यांमधून धावायचा, चाळीस पावलांवर पाठमोऱ्या बसलेल्या मुलाच्या तळव्यातून वर चढायचा, आणि मूल वळायचं. एक ठोका म्हणजे इकडे बघा. दोन म्हणजे बसा. तीन म्हणजे डबे काढा, आणि हा तिसरा ठोका मंदातल्या मंद मुलालाही शिकवावा लागत नसे.

शुभाने सव्वीस वर्षं त्या जमिनीवर टाच आपटली. त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. परिणामी तिचा उजवा गुडघा कामातून गेला होता. हाडांच्या डॉक्टरने एक्स-रे दिव्यासमोर धरून विचारलं होतं, “कथ्थक शिकवता का?”

“नाही. मुख्याध्यापिका आहे.”

“मग एकच गुडघा कसा झिजला?”

याला उत्तर होतं, पण बाहेर अकरा पेशंट बसले होते. मुलांनी मात्र या गुडघ्याची दखल डॉक्टरच्या कितीतरी आधी घेतली होती. बहिरी मुलं प्रत्येक माणसाला खुणेचं एक नाव देतात, आणि शुभाचं नाव होतं उजव्या गुडघ्यावर दोन बोटांची टिचकी. 

ऑगस्टअखेर ती निवृत्त होणार होती. उरलेल्या महिन्यांकडून तिची अपेक्षा फार नव्हती. कोणी गच्चीवरून पडू नये, शिक्षण खात्यातून कोणी येऊ नये, आणि संध्याकाळी घरी गेल्यावर पाय स्टुलावर ठेवता यावा. अशातच नोव्हेंबरात एका दुपारी विद्याधर आले.

विद्याधर ट्रस्टचे सचिव. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे फक्त चांगल्याच बातम्या असत.

“शुभाताई, चांगली बातमी आहे. स्ट्रक्चरल ऑडिट आलं. मे महिन्यात दिवाणखान्याची लाकडं काढून टाकतोय. खाली भराव, वर स्लॅब, त्यावर व्हिट्रिफाइड टाइल्स. एकदम झकास. पुसायलासुद्धा सोपं.”

“मग मुलांना कळणार कसं?”

“काय कळणार?”

“काहीही.”

“त्याचाही विचार केलाय ना! दिवे. भिंतीवर लाल दिवा. तुम्ही ऑफिसात बसून नुसतं बटण दाबायचं. तुमच्या गुडघ्यालाही आराम.”

“दिवा दिसायला आधी दिव्याकडे बघावं लागतं, विद्याधरराव. पाठमोऱ्या पोराला तो कसा दिसेल?”

विद्याधरांनी क्षणभर विचार केला. “मग मुलांना सांगायचं, दिव्याकडे तोंड करून बसा.”

शुभाने मान डोलावली. मान डोलावली की मीटिंग लवकर संपते, एवढं ती सव्वीस वर्षांत शिकली होती. एरवी तिने हे प्रकरणही तसंच सोडून दिलं असतं. ऑगस्टनंतर शाळेत टाइल्स बसवा, नाहीतर तलाव खोदा. पण ऑक्टोबरात ऋताचं झालं होतं, आणि ते ताजं होतं.

ऋता सहा वर्षांची, भांडुपहून यायची. जूनमध्ये आली तेव्हा ती कोणाकडे बघतच नव्हती. डोंगराच्या बाजूची खिडकी तिने पहिल्या दिवशी ताब्यात घेतली आणि सगळ्या वर्गाकडे पाठ करून बसली. घरी तिला बोलवायची एकच पद्धत होती, खांदा धरायचा आणि वळवायचं. त्यामुळे मागून कोणी आल्याचा नुसता संशय आला तरी तिचे दोन्ही खांदे कानांपर्यंत जायचे. श्रवणयंत्र कानात घातलं की ती ते काढून दप्तरात ठेवायची. तळव्यांतून येणाऱ्या ठोक्यांचं तिला काही घेणंदेणं नव्हतं. जमीन हलते, हलू दे.

ऑक्टोबरात एका सकाळी शुभाने टाच आपटली, शिकवण्यासाठी कमी आणि वैतागून जास्त. ऋता वळली. तिने जमिनीकडे पाहिलं. मग शुभाच्या पायाकडे. मग पुन्हा जमिनीकडे. मग स्वतः उठली आणि दोन्ही पायांनी धाप्‌कन उडी मारली. दिवाणखान्यातली बेचाळीस मुलं एकदम वळून तिच्याकडे बघायला लागली.

ऋता हादरली. माणसांना असंही बोलावता येतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. खात्री करून घ्यायला तिने आणखी अकरा वेळा उडी मारली आणि बेचाळीस मुलं अकराही वेळा वळली, कारण मुलं चांगली होती आणि तास गणिताचा होता. त्या दिवशी गणित झालं नाही. दुसऱ्या दिवशी ऋताने खिडकी सोडली.

तेव्हा ऑगस्टनंतर काय ते होवो, असं शुभाला म्हणता येईना. ऋतासारखं एक तरी मूल दर जूनला येतंच.

उपाय सहदेवने आणला. सहदेव याच शाळेचा जुना विद्यार्थी, चाळिशीचा, धंद्याने सुतार. त्याचा बाप गिरणीत होता आणि गिरणीच्या खडखडाटाने त्यालाही पोराइतकंच ऐकू यायचं, त्यामुळे घरात कोणाची पंचाईत नव्हती. दर मे महिन्यात सहदेव फळ्यांखाली शिरायचा, सैल झालेल्या आवळायचा, कुजलेल्या बदलायचा आणि बिल द्यायला विसरायचा. हल्ली तो शहरात एका जुन्या इमारतीच्या खिडक्या दुरुस्त करत होता. टाइल्सचं कळल्यावर तो आला आणि हातांनी बोलायला लागला.

“कागद आणा.”

“कसला कागद?” शुभाने विचारलं.

त्याने तळहातावर मोठा गोल शिक्का मारून दाखवला. “जुनं आहे, खूप जुनं आहे, असा कागद. तिकडे आलाय. आता मालकालापण खिळा काढता येत नाही. हात लावला की साहेब ओरडतो. मला नाही ऐकू येत, पण तोंड बघून कळतं.”

अशा रीतीने शुभाने जुन्या वास्तू जपणाऱ्या वारसा समितीकडे अर्ज करायचं ठरवलं. विद्याधरांनी हरकत घेतली नाही. असल्या अर्जाचं काही होत नाही, याबद्दल त्यांना बँकेतल्या अनुभवामुळे पूर्ण खात्री होती. “आपण सकारात्मक राहू,” म्हणाले आणि सही केली.

अर्ज एकोणीस पानी होता. शुभा रोज शाळा सुटल्यावर एकेक पान भरत बसायची, पाय कचऱ्याच्या उलट्या डब्यावर ठेवून. रकाना क्रमांक सात: ‘वास्तूस भेट दिलेल्या थोर व्यक्ती.’ तिने प्रामाणिकपणे लिहिलं, ‘एक येणार होते. आले नाहीत.’ रकाना क्रमांक चौदा: ‘जमिनीचा सध्याचा वापर (सविस्तर).’

“तो रकाना रिकामा सोडा,” विद्याधर म्हणाले. 

“का?”

“अहो, रिकामा रकाना कोणी वाचत नाही. भरला की वाचतात.”

पण शुभाने सव्वीस वर्षं मुलांच्या पेपरांवर लाल शाईने ‘प्रश्न सोडू नये’ असं लिहिलं होतं. ज्या जमिनीसाठी अर्ज करायचा, ती जमीन करते काय, हेच सांगायचं नाही? शिवाय ‘सविस्तर’ म्हटलं होतं. मंगळवारी ती पाटी-पेन्सिल घेऊन सकाळपासून दिवाणखान्याच्या दारात बसली आणि प्रत्येक ठोक्याला एक रेघ मारू लागली.

मालनमावशी झाडू घेऊन तिथून चार वेळा गेली. मालन शाळेची मदतनीस, मूळची मालवणकडची. एवढी वर्षं मुलुंडात काढूनही तिने भाषेची कोणाला सूट दिली नव्हती.

“बाईनू, काय मोजतास?”

“पाय, मावशी.”

“कोणाचे?”

“सगळ्यांचे. आपटलेले.”

मालनने झाडू भिंतीला टेकवला. “घराक जावा, बाई. झोपा काढा. तुमका निवृत्तीची हवा लागली.”

संध्याकाळपर्यंत चारशे बारा रेघा झाल्या. शुभाने रकाना चौदा भरला, जागा पुरेना म्हणून मागे कोरा कागद जोडला. ‘या जमिनीवर दररोज सुमारे ४१२ वेळा पाय आपटले जातात. हीच आमच्या मुलांची घंटा आहे. हीच त्यांची हाक आहे.’ नोकरीत लिहिलेल्या हजारो कागदांपैकी हा एकच कागद तिने दुसऱ्यांदा वाचून पाहिला, आणि तो तिला आवडला.

फेब्रुवारीत समितीची तीन माणसं पाहणीला आली. एक बाई फोटो काढत होत्या. एक गृहस्थ चहाची वाट बघत होते. तिसरे समितीचे अध्यक्ष, अनंत नावाचे वयस्कर वास्तुरचनाकार. मऊ बोलणारे. त्यांनी कोणी न सांगता बूट काढले, मोजे काढले आणि फळ्यांवरून पायाची बोटं फिरवली.

“अर्ज वाचला तुमचा,” ते म्हणाले. “दाखवाल?”

शुभाने त्यांना दिवाणखान्याच्या एका टोकाला, भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि दोन्ही तळहात फळ्यांवर ठेवायला लावले. दुसऱ्या टोकाला ऋता उभी होती. शुभाने खूण केली. ऋताने उडी मारली.

अनंत वळले, अगदी मुलांसारखेच.

“पुन्हा,” ते म्हणाले.

ऋताने पुन्हा मारली. असं सात वेळा झालं. चहाची वाट बघणारे गृहस्थसुद्धा मांडी घालून बसले आणि हात टेकवून बघू लागले. अनंतांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, मग डोळे पुसले.

“बाई,” ते म्हणाले, “ही जमीन नाही. हे वाद्य आहे. याला कोणाचा हात लागता कामा नये.”

त्या संध्याकाळी शुभा घरी जाताना रिक्षा न करता चालत गेली. गुडघा दुखत होता, पण तिचं लक्ष नव्हतं. एवढ्या वर्षांत असं बेसावध ती फार कमी वेळा झाली होती.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पत्र आलं. दिवाणखान्याची जमीन संरक्षित वारसा म्हणून जाहीर झाली होती. एकही फळी काढता येणार नाही, भराव नाही, स्लॅब नाही, टाइल्स नाहीत. शुभाने पहिलं पान शिक्षकांना वाचून दाखवलं, मुलांना खुणांनी सांगितलं. मुलांनी दोन्ही हात वर करून पंजे हलवले, ही त्यांची टाळी. मालनने पेढे आणले. पेढा तोंडात असताना शुभाने दुसरं पान उलटलं.

‘अर्जदाराने रकाना क्र. १४ मध्ये स्वतःच नमूद केल्यानुसार, सदर जमिनीवर दररोज ४१२ आघात होतात. ही बाब अत्यंत गंभीर असून जतनाच्या दृष्टीने तात्काळ थांबवणे आवश्यक आहे.’ खाली अटी होत्या. पाय आपटण्यास, धावण्यास, उड्या मारण्यास सक्त मनाई. एका वेळी पंधरापेक्षा जास्त व्यक्ती नसाव्यात. पादत्राणे बाहेर. शाळेचा वापर नवीन सत्रापासून अन्यत्र हलवावा. 

तिने पेढा गिळला आणि अनंतांना फोन लावला.

“अभिनंदन, बाई!” ते खरोखर आनंदात होते. “वीस वर्षं समितीवर आहे, इतका प्रामाणिक अर्ज पाहिला नाही. लोक काय काय लपवतात, तुम्हाला कल्पना नाही.”

“अहो, पण ती जमीन आपटायसाठीच आहे.”

“होती. नशीब तुम्ही वेळेवर कळवलंत. आणखी दहा वर्षं अशीच गेली असती तर तुळयांची वाट लागली असती.”

“सर, आपटली नाही तर ती नुसती लाकडं आहेत हो.”

“लाकडं कसली? बर्मी साग आहे, बाई,” अनंत दुखावल्या आवाजात म्हणाले.

“तुम्ही स्वतः हात ठेवून बघितलंत ना? ती मुलगी सात वेळा...”

“म्हणूनच तर. त्या सात उड्यांनी मला रात्रभर झोप नाही. प्रत्येक उडी म्हणजे एक आघात.”

“मग मुलं जाणार कुठे?”

तिकडे कागद चाळल्याचा आवाज आला. अनंत मनापासून शोधत होते. “नाही हो,” ते शेवटी म्हणाले, “तसा रकाना आमच्या अर्जात नाही.”

फोन ठेवला तेव्हा मालन दारात उभी होती. दुसऱ्या पानाची बातमी शाळेत पसरली होती.

“मोजूक कोणी सांगलेला तुमका?”

“सविस्तर लिहा म्हटलं होतं, मावशी.”

“म्हणान खरा लिवायचा? ‘थोडेशे आपटतंत’ लिवायचा. कामा कधी केलंत नाय काय सरकारची?”

जी काही सरकारी कामं शुभाने केली होती, ती अशीच केली होती.

तिने समितीला दोन पत्रं पाठवली. पहिल्याचं उत्तर आलं की पत्र मिळालं. दुसऱ्याचं उत्तर आलं की पहिल्या पत्राचं उत्तर पाठवलेलं आहे. तिसरं तिने लिहायला घेतलं आणि कचऱ्याच्या डब्यावरचा पाय खाली घेऊन ते तसंच ड्रॉवरमध्ये ठेवलं.

सहदेवचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला: ‘बाई कागद आला. चांगला कागद. मुलं कुठे.’ पाठोपाठ दुसरा: ‘मला काम दिलं. पॉलिश आणि दोरी. घेऊ का.’ फळ्यांना पॉलिश करायला आणि लोकांना अडवणारी दोरी लावायला समितीला जुना, माहीतगार कारागीर हवा होता आणि या जमिनीचा माहीतगार एकच होता. शुभाने ‘घे’ लिहिलं.

“शुभाताई, चांगली बातमी आहे,” विद्याधर त्याच आठवड्यात म्हणाले. टाइल्स वाया जाणार नव्हत्या. मागच्या अंगणात मोठी शेड उठवायची, खाली भराव, वर स्लॅब, त्यावर त्याच टाइल्स. लाल दिवेही तेच. मे महिन्यात काम पुरं झालं. ट्रस्टच्या इतिहासात वेळेवर पूर्ण झालेलं ते पहिलंच काम.

जूनपासून शाळा शेडमध्ये भरू लागली. ऑफिसातून बटण दाबलं की दिवा लागायचा. ज्यांना दिसायचा ते बघायचे, मग ज्यांना दिसला नाही त्यांना कोपराने ढोसायचे, मग मारामारी व्हायची, आणि मारामारी सोडवायला शुभाला ऑफिसातून शेडपर्यंत चालत जावं लागायचं. गुडघ्याला आराम असा पडलाच नाही. ऋताने शेडमधली खिडकी शोधली. तिच्यातून डोंगर दिसत नव्हता, टॉवरचं पार्किंग दिसायचं. तिला ती चालली.

ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी निरोप समारंभ झाला. समोसे होते. विद्याधरांनी पंधरा मिनिटं भाषण केलं, त्यात ‘सकारात्मक’ नऊ वेळा आलं. मुलांसाठी एक शिक्षिका खुणांनी भाषांतर करत होती, तिने चौथ्यानंतर तो शब्द गाळला. मग शुभाला बोलवलं. तोपर्यंत समोसे वाटून झाले होते आणि निम्मी मुलं पाठमोरी झाली होती.

विद्याधरांनी बटण दाबलं. दिवा लागला. तीन मुलांनी पाहिलं.

शुभाने एवढ्या वर्षांच्या सवयीने उजवी टाच आपटली. गुडघ्यात कळ गेली, ती थेट कमरेपर्यंत. बाकी सगळं टाइल्सनी, स्लॅबने आणि भरावाने आपल्यात जिरवून घेतलं. ऋता तिच्यापासून चार पावलांवर पाठ करून बसली होती आणि शेजारणीला समोशातला बटाटा उघडून दाखवत होती.

शुभा चार पावलं चालत गेली आणि तिने ऋताच्या खांद्यावर हात ठेवला. ऋताचे दोन्ही खांदे कानांपर्यंत गेले.

दिवाणखान्याची जमीन उत्तम स्थितीत आहे. शनिवारी अकरा ते एक या वेळात बघता येते. आतापर्यंत नऊ जण येऊन गेले.